मुंबईच्या दमट हवेत मिग-२१: प्लास्टिकचे लढाऊ विमान जोडावे आणि रंगवावे कसे

लढाऊ विमानांच्या प्लास्टिक मॉडेलची बहुतेक किट आणि त्यांचे रंग जपान, ब्रिटन, स्पेन, चेक प्रजासत्ताक अशा देशांतून येतात, आणि रंग किती वेळात वाळतो याचे तिथले आडाखे तिथल्या हवेला धरून बांधलेले असतात. जुलै महिन्यात माटुंग्याच्या किंवा डोंबिवलीच्या घरात, भिंतीला ओल आलेली असताना आणि दोरीवरचे कपडे दोन दिवस वाळत नसताना, हे आडाखे पाळणाऱ्याच्या पदरी चिकट राहिलेला रंग आणि पांढुरके पडलेले वॉर्निश येते. म्हणून मुंबईत हा छंद करणाऱ्याने किट उघडण्यापूर्वी कामाचे वेळापत्रक ऋतूंप्रमाणे आखावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जून ते सप्टेंबर या काळात कापणे, सांधणे, घासणे आणि कॉकपिटचे ब्रशकाम करावे. पाऊस ओसरला की प्रायमर, म्हणजे मुख्य रंगाखालचा पहिला थर, द्यावा. आणि एअरब्रशचे, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या साधनाचे, मुख्य रंगकाम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर हाती घ्यावे. अशाने एका विमानाला सहा-सात महिने लागतात हे खरे, परंतु एकाच वेळी दोन-तीन किट जोडणीला घेतली की हात रिकामा राहत नाही, आणि रंगाची घाई करण्याचा मोहही आपोआप आवरला जातो.

उदाहरणासाठी मी मिग-२१ घेतो. भारतीय हवाई दलात ते १९६३ मध्ये दाखल झाले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे निवृत्त झाले. नाशिकजवळच्या ओझर येथील हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात त्याचे उत्पादन झाल्यामुळे महाराष्ट्राशी त्याचा जवळचा संबंध आहे. मॉडेलच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की धड लांबट नळीसारखे आणि पंख त्रिकोणी असल्याने त्याची जोडणी सुटसुटीत होते, आणि इतक्या दशकांच्या सेवेमुळे छायाचित्रे हवी तेवढी मिळतात.

प्रमाण आणि किट

१/७२ आणि १/४८ ही या छंदातील सर्वाधिक प्रचलित प्रमाणे आहेत. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर असल्याने १/७२ मध्ये तो सुमारे १० सेंटिमीटर आणि १/४८ मध्ये सुमारे १५ सेंटिमीटर भरतो. कॉकपिटमधील बारकावे १/४८ मध्ये अधिक सुखाने रंगवता येतात. पण मुंबईच्या घरात निर्णय बहुधा कपाटाची फळी घेते: सुखोई-३० चे १/४८ मॉडेल जवळजवळ ४६ सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटरहून अधिक रुंद होते, आणि वन रूम किचनमध्ये एवढी जागा एका विमानाला देण्यास घरातील इतर मंडळी राजी असतीलच असे नाही. लहान विमान मोठ्या प्रमाणात आणि मोठे विमान लहान प्रमाणात घ्यावे, हा मला व्यवहार्य वाटणारा मार्ग आहे.

ज्यांनी यापूर्वी एकही मॉडेल जोडलेले नाही, त्यांनी मिगला हात घालण्याआधी एखादे स्वस्त आणि कमी भागांचे किट पूर्ण करावे. एअरफिक्सचे १/७२ मधील हॉक यासाठी चांगले आहे. आपल्या हवाई दलाच्या सूर्यकिरण कसरत-पथकाकडे हॉकच असल्याने ते परकेही वाटत नाही. मिग-२१ साठी एडुआर्ड या चेक कंपनीच्या किटची ख्याती आहे. किट घेताना त्यातील डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे, भारतीय हवाई दलाची आहेत का हे आधी पाहावे. नसल्यास ती वेगळी मागवावी लागतात. मिग-२१ च्या एफएल, एम आणि बिस या उपप्रकारांत पाठीवरचा उंचवटा, शेपटी आणि कॉकपिटचे झाकण वेगवेगळे असते, त्यामुळे एका उपप्रकाराच्या किटवर दुसऱ्याची चिन्हे लावू नयेत.

हत्यारांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. बारीक टोकाचा निपर, टोकदार पात्याची सुरी, कटिंग मॅट, दोन चिमटे आणि कानशींचा लहान संच एवढ्यावर काम सुरू होते. चिमटे, सोनारकामाच्या बारीक कानशी आणि हाताने फिरवायचे छोटे ड्रिल झवेरी बाजाराच्या आसपास हत्यारे विकणाऱ्या दुकानांत मिळतात, आणि छंदाच्या वस्तू म्हणून विकल्या जाणाऱ्या संचापेक्षा ती पुष्कळदा अधिक टिकाऊ निघतात. नागदेवी स्ट्रीटवर वॉटर पेपर, वायसर आणि कॉम्प्रेसर पाहता येतात. समुद्रकाठच्या हवेत पोलाद लवकर गंजते, म्हणून पाती आणि कानशी तेलाचा हात फिरवून झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात.

पावसाळ्यातील काम: कॉकपिट ते प्रायमरपूर्व घासणी

भाग ज्या चौकटींना जोडलेले असतात त्या चौकटींना स्प्रू म्हणतात. त्या प्रथम कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवाव्यात, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून वापरलेला तेलकट पदार्थ पृष्ठभागावर राहिला असल्यास रंग धरत नाही. भाग कापताना निपर थेट भागाला न टेकवता थोड्या अंतरावर चालवावा, आणि उरलेला खुंट दुसऱ्या कापात सुरीने काढावा. एकाच कापात काम उरकल्यास प्लास्टिकवर पांढरा ताण उमटतो किंवा खड्डा पडतो, आणि तो पुढे लांबीने (पुटीने) भरत बसावे लागते.

कॉकपिट आधी रंगवावे लागते, कारण धड बंद झाल्यावर तिथे ब्रश पोहोचत नाही. सोव्हिएत घडणीच्या विमानांत आतला रंग बहुधा निळसर हिरवा, फिरोजीकडे झुकणारा असतो, आणि उपकरणांची पाटी त्यावर काळ्या-करड्या रंगात उठून दिसते. मूळ रंग पूर्ण वाळल्यावर त्यावर गडद पातळ रंग सोडून खाचांमध्ये सावली धरू द्यावी, आणि मग जवळजवळ कोरडा केलेला ब्रश फिकट रंगात बुडवून कागदावर पुसून उंचवट्यांवरून हलकेच फिरवावा. आसनाचे पट्टे मास्किंग टेपच्या बारीक पट्ट्यांचे केले तर पुरतात. येथे फार रेंगाळू नये. कॅनपी, म्हणजे कॉकपिटचे पारदर्शक झाकण, बंद ठेवणार असाल तर पाहणाऱ्याला आसनाच्या डोक्याकडचा भाग आणि पाटीची वरची कड याखेरीज फारसे दिसत नाही.

मिग-२१ तीन चाकांवर उभे राहते आणि मॉडेलचे वजन मागे झुकते, त्यामुळे नाकात वजन न भरल्यास ते शेपटीवर बसते. लोखंडी छर्रे किंवा वायसर नाकाच्या पोकळीत शंकूभोवती बसवून घट्ट चिकटवावेत. हे वजन किटच्या सूचनेत सांगितलेल्यापेक्षा थोडे जास्तच असावे, कारण कमी पडल्याचे धड बंद झाल्यानंतरच कळते. धडाचे दोन्ही भाग, पंख आणि चाकांचे पाय टेपने तात्पुरते जोडून विमान पुढे झुकते की मागे, हे पाहिल्याशिवाय डिंकाची बाटली उघडू नये.

आता सांध्याकडे येऊ. पहिल्या वर्षी कौशल्य कमवायचेच असेल तर ते इथे कमवावे, असे मी म्हणेन. पॉलिस्टायरिनसाठीचा अतिपातळ डिंक हा फेविक्विकसारखा वर चिकटून राहणारा पदार्थ नव्हे. तो प्लास्टिकला वितळवतो आणि दोन्ही कडांचे एकच प्लास्टिक करतो. धडाचे दोन भाग घट्ट जुळवून धरावेत आणि बाटलीतील ब्रशचे टोक सांध्याला केवळ टेकवावे. केशाकर्षणाने डिंक स्वतःच फटीतून धावतो. बोट सांध्यावर ठेवू नये, कारण बोटाखाली डिंक पसरला तर ठसा कायमचा उमटतो. काही सेकंदांनी दोन्ही भाग हलकेच दाबले की वितळलेल्या प्लास्टिकची बारीक रेघ बाहेर येते. ती यायलाच हवी. वाळल्यावर तीच घासली जाते आणि सांध्याची फट तिनेच भरलेली असते. असा सांधा किमान २४ तास, पावसाळ्यात दोन दिवस, तसाच राहू द्यावा. लवकर घासलेला सांधा त्या वेळी सपाट दिसतो, पण मऊ प्लास्टिक पुढे आकसते आणि रंगाखाली खाच उमटते.

जिथे फट उरते, विशेषतः पंख धडाला मिळतात तिथे, लांबी भरावी. मॉडेलसाठीची लांबी उत्तम, पण बारीक फटींसाठी फेविक्विकमध्ये थोडी टाल्कम पावडर कालवून केलेले मिश्रणही चालते. मात्र ते जुने झाले की प्लास्टिकपेक्षा कठीण होते, म्हणून जमल्यावर लगेच, त्याच दिवशी घासावे. घासणी वॉटर पेपरने पाण्याखाली करावी: आधी ४०० किंवा ६०० नंबर, मग ८००, आणि शेवटी १००० किंवा त्याहून बारीक. पाण्यामुळे भुकटी घरभर उडत नाही आणि कागदही चोंदत नाही. धड गोल असल्याने कागद लाकडी ठोकळ्यावर न गुंडाळता मऊ स्पंजवर धरावा, अन्यथा सांध्यावर सपाट पट्टा तयार होतो आणि प्रकाशात तो लगेच ओळखू येतो. घासताना पुसल्या गेलेल्या पॅनेल रेषा, म्हणजे विमानाच्या पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या खाचा, जाड टेपची कड मार्गदर्शक म्हणून लावून सुईच्या टोकाने पुन्हा ओढाव्यात. पहिला हात अगदी हलका असावा, कारण जोर दिला की सुई रेषा सोडते.

कॅनपीला फेविक्विक कधीही वापरू नये. त्याच्या वाफांनी पारदर्शक प्लास्टिकवर आतून पांढरे धुके बसते आणि ते बंद विमानातून काढता येत नाही. साधे फेविकॉल इथे योग्य आहे: वाळल्यावर ते पारदर्शक होते आणि जास्तीचे ओल्या ब्रशने पुसता येते. दमट दिवसांत ते वाळायला एक रात्रही कमी पडते. त्यानंतर कॅनपीच्या काचेचा भाग मास्किंग टेपने झाकावा. चौकटीच्या कडेवर टेप दाबून नव्या पात्याने कापावी. आत रंगवलेली चौकट दिसावी म्हणून झाकलेल्या कॅनपीवर बाहेरून पहिला थर कॉकपिटच्या आतल्या रंगाचा द्यावा, आणि विमानाचा रंग त्यावर चढवावा.

प्रायमर

पाऊस ओसरल्यावर करड्या प्रायमरचा पातळ थर द्यावा. रंग धरण्यासाठी त्याचा उपयोग आहेच, पण प्रायमर खरा परीक्षक आहे. पांढऱ्या लांबीच्या आणि करड्या प्लास्टिकच्या चट्ट्यांत जे दोष डोळ्याला चुकवतात, ते एकरंगी पृष्ठभागावर तिरक्या दिव्याखाली उघडे पडतात. दिसलेला दोष भरावा, घासावा, त्या जागी पुन्हा प्रायमर द्यावा. दोन-तीन फेऱ्या होणे सर्वसामान्य आहे. ‘रंगाखाली झाकले जाईल’ या भरवशावर राहू नये, कारण मॉडेलच्या रंगाचा थर इतका पातळ असतो की तो काहीच झाकत नाही.

एअरब्रश आणि मुंबईची हवा

सुरुवातीला ०.३ मिलिमीटर नोझलचा, बोटाने दाबून-ओढून चालवायचा एअरब्रश आणि टाकी असलेला छोटा कॉम्प्रेसर घ्यावा. टाकीमुळे दाब स्थिर राहतो आणि यंत्र सतत घरघरत नाही. चाळीत किंवा पातळ भिंतींच्या इमारतीत शेजाऱ्यांच्या दृष्टीने हा मुद्दा गौण नाही. ओलावा पकडणारी गाळणी मुंबईत अनिवार्य समजावी. हवा दाबली गेली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते, आणि गाळणी नसेल तर तो थेंब नळीतून येऊन नेमका पंखाच्या मधोमध पडतो. काम चालू असतानाही गाळणीतले पाणी मधूनमधून सोडून द्यावे.

रंगांचे तीन प्रकार लक्षात घ्यावेत. लॅकर लवकर वाळतो, कठीण होतो आणि उत्तम धरतो, पण त्याच्या वाफा उग्र असतात. दमट हवेत त्याचा थिनर इतक्या वेगाने उडतो की पृष्ठभाग थंड होऊन हवेतील बाष्प ओल्या थरावर उतरते, आणि रंग पांढुरका पडतो. असे झाल्यास घाबरून घासू नये. मंद गतीने उडणाऱ्या थिनरचा, म्हणजे रिटार्डरयुक्त थिनरचा अगदी बारीक फवारा मारला की बहुधा तो थर पुन्हा विरघळून स्वच्छ होतो. व्हॅलेहोसारखे पाण्यावर आधारित ॲक्रिलिक या पांढरेपणापासून बऱ्यापैकी सुरक्षित असतात, पण दमट हवेत वाळायला वेळ लावतात आणि नखाने निघू शकतात. इनॅमल सर्वांत सावकाश वाळतो. सांताक्रूझ वेधशाळेचा आर्द्रतेचा आकडा नव्वदीत असताना इनॅमल लावून दुसऱ्या दिवशी मॉडेल हातात घेणे म्हणजे बोटांचे ठसे नोंदवणे होय. मी मुख्य रंगासाठी हिवाळ्यात लॅकर, आणि पावसाळ्यातील ब्रशकामासाठी पाण्याचे ॲक्रिलिक, अशी विभागणी सुचवेन. वीस टक्क्यांचा फरकही कामात जाणवतो, त्यामुळे रंगाच्या टेबलावर एक स्वस्त आर्द्रतामापक ठेवावा. आकडा साठच्या आसपास किंवा खाली असताना लॅकर विनासायास बसतो.

एअर कंडिशनर खोली कोरडी करतो, म्हणून बंद खोलीत तो लावून फवारणी करावी, असा विचार अनेकांच्या मनात येतो. तो धोक्याचा आहे, कारण वाफा खोलीतच फिरत राहतात. उलट एक्झॉस्ट पंखा लावला की खोलीतली कोरडी हवा बाहेर जाते आणि फटींतून बाहेरची दमट हवा आत येते. यावर तोडगा असा: आधी तासभर एसी चालवून खोली, मॉडेल आणि रंग कोरडे होऊ द्यावेत, मग खिडकीला नळी लावलेल्या फवारणी-पेटीत थोड्या-थोड्या वेळाचे काम करावे, आणि रंगवलेले मॉडेल सिलिका जेलच्या पिशव्या टाकलेल्या हवाबंद डब्यात वाळत ठेवावे. लॅकर आणि इनॅमलसाठी रासायनिक वाफा शोषणारी काडतुसे असलेला मुखवटा लागतो. साधा कापडी किंवा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. आपल्या घरांत स्वयंपाकाचा गॅस आणि देवघरातील निरांजन फवारणीच्या जागेपासून काही पावलांवरच असते; रंगकामाच्या वेळी दोन्ही विझलेली असावीत.

रंग दुधाइतका पातळ करावा: कपात हलवल्यावर तो काठावरून पातळ पडद्यासारखा उतरला पाहिजे. दाब १५ ते २० पीएसआय, अंतर सुमारे ८ ते १० सेंटिमीटर. फवारा विमानाच्या बाहेर सुरू करावा, विमानावरून न्यावा आणि बाहेर बंद करावा, म्हणजे सुरुवातीचा जाड ठिपका अंगावर पडत नाही. पहिल्या थरातून प्रायमर दिसत राहिला तरी चालेल. तीन पातळ थर एका ओल्या थरापेक्षा नेहमी चांगले.

पहिल्या मिगसाठी धातूचा चकचकीत अवतार घेऊ नये, असे मी सुचवेन. चंदेरी रंग प्रत्येक ओरखडा आणि प्रत्येक फसलेला सांधा दाखवतो, आणि त्याला खाली चकचकीत काळा थर लागतो. उत्तरकाळातील बायसनचा, म्हणजे सुधारित मिग-२१ चा, करडा रंग अधिक क्षमाशील आहे. करडा एकसुरी दिसू नये म्हणून मूळ रंगात थोडा पांढरा मिसळून पॅनेलच्या मधल्या भागांत अगदी हलका फवारा द्यावा. उन्हाने रंग कसा फिकटतो हे पाहायचे असेल तर वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात ठेवलेले मारुत हे भारतात घडवलेले लढाऊ विमान जवळून पाहण्यासारखे आहे. जर्मन अभियंते कुर्ट टांक यांच्या नेतृत्वाखाली रचलेल्या या विमानाचे पहिले उड्डाण १९६१ मध्ये झाले. मात्र उघड्यावर मांडलेली विमाने वेळोवेळी पुन्हा रंगवली जातात, म्हणून त्यांच्यावरून पॅनेल, रिव्हेट आणि चाकांचे कप्पे अभ्यासावेत. रंगाची छटा सेवेतील छायाचित्रांवरून ठरवावी.

डिकल आणि वॉश

रंग पूर्ण कठीण झाल्यावर चकचकीत पारदर्शक थर द्यावा. खरबरीत पृष्ठभागावर डिकलखाली हवा अडकते आणि चिन्हाभोवती चंदेरी कडा दिसतात. गुळगुळीत थरावर हे टळते. डिकल कोमट पाण्यात अर्धा मिनिट बुडवून बाहेर ठेवावे आणि कागदावरून आपोआप सरकू लागल्यावरच विमानावर न्यावे. खाली मायक्रो सेटसारखे द्रावण लावून जागा पक्की करावी, वरून मायक्रो सोलसारखे मऊ करणारे द्रावण द्यावे. यानंतर डिकल सुरकुतते, आणि नवख्या माणसाचा हात तिथेच पुढे होतो. त्याला मुळीच स्पर्श करू नये. वाळताना ते ताणले जाऊन पॅनेल रेषांत बसते. मुंबईत वर्षभर पडून राहिलेले डिकल पिवळे पडू शकते किंवा पाण्यात त्याचे तुकडे होऊ शकतात, म्हणून नको असलेले एखादे चिन्ह आधी भिजवून पाहावे, आणि नवे किट घेतल्याबरोबर डिकलचा कागद झिपच्या पिशवीत सिलिका जेलसह ठेवावा.

डिकलवर पुन्हा चकचकीत थर देऊन पॅनेल रेषांत तेलरंगाचा किंवा इनॅमलचा वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग, सोडावा. तो काळा नसावा. करड्या विमानावर गडद करडा-तपकिरी पुरतो. अर्ध्या तासाने थिनरमध्ये जेमतेम ओला केलेला कापूस पुढून मागे, हवा ज्या दिशेने विमानावरून वाहते त्या दिशेने, पुसत न्यावा. शेवटी मॅट वॉर्निश, आणि तेही कोरड्या दिवशीच, कारण दमट हवेत मॅट थर लॅकरइतकाच सहज पांढरा पडतो.

कॅनपीवरची टेप वॉर्निशनंतर काढावी. चाकांची दारे, अँटेना आणि नाकावरची लांब पिटो नळी (हवेचा वेग मोजणारी) यांना त्यानंतरच हात लावावा, कारण आधी लावलेली पिटो नळी हमखास मोडते. प्लास्टिकच्या नळीऐवजी इंजेक्शनच्या दोन वेगवेगळ्या जाडीच्या सुया एकात एक बसवून केलेली नळी सरळही राहते आणि धक्काही सोसते. सुईचे टोक मात्र कानशीने बोथट करावे. विमान उघड्या फळीवर न ठेवता ॲक्रिलिकच्या पेटीत ठेवावे, तळाला सिलिका जेलसाठी छोटा कप्पा करून घ्यावा आणि निळे मणी गुलाबी झाले की ती पिशवी बदलावी. पेटीचे माप पिटो नळीच्या टोकापासून शेपटीपर्यंत घेऊन त्यात दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटिमीटर वाढवावेत, आणि पेटी खिडकीसमोरच्या भिंतीला लावू नये, कारण दुपारच्या उन्हाने कॅनपी आणि पांढरे डिकल सर्वांत आधी पिवळे पडतात.